फ्रेंच क्रियापदांची अक्षरे कशी पाडावीत आणि कशी उच्चारावीत

फ्रेंचमध्ये ‘ते गात होते’ असे सांगताना क्रियापदाचे जे रूप येते, ते रोमन लिपीत १० वर्णांनी लिहितात: ‘सी एच ए एन टी ए आय ई एन टी’. उच्चारात मात्र त्यात चारच ध्वनी आहेत आणि अक्षरे दोनच आहेत: शाँ-तॅ. नव्याने फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे रूप प्रथम दिसते, तेव्हा शेवटचे ‘ई एन टी’ कुठेतरी उच्चारायला हवे असे वाटते आणि तो ‘चांतेंत’सारखे काहीतरी म्हणून जातो. ही चूक जिभेची नसून मोजणीची आहे. डोळ्यांनी मोजलेले वर्ण आणि कानांनी मोजलेली अक्षरे यांचा मेळ फ्रेंच क्रियापदात क्वचितच बसतो. म्हणून आधी कानांनी मोजायला शिकावे आणि मग स्पेलिंगकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे.

मराठी भाषकाला ही मोजणी अनोळखी नाही. आपण ‘करतो’ हे रूप तीन चिन्हांनी लिहितो आणि ‘कर्-तो’ असे दोन अक्षरांत म्हणतो. ‘घर’ लिहायला दोन चिन्हे लागतात, पण उच्चार एकाच अक्षराचा होतो. व्यंजनातला ‘अ’ कुठे म्हणायचा आणि कुठे गाळायचा हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते, ते आपल्या कानात असते. फ्रेंचमधला ‘ई’ हा वर्ण, त्याच्या डोक्यावर कोणतीही रेघ नसेल तेव्हा, पुष्कळ अंशी आपल्या या ‘अ’सारखाच वागतो. आपण ‘करणे’पासून ‘करतो’, ‘करीन’, ‘करत’ म्हणताना जे नकळत करतो, तेच फ्रेंचमध्ये काही काळ जाणीवपूर्वक करावयाचे आहे.

या लेखात ‘वर्ण’ म्हणजे लिहिलेले रोमन चिन्ह आणि ‘अक्षर’ म्हणजे एका स्वराभोवती एका दमात होणारा उच्चार, असा भेद शेवटपर्यंत पाळला आहे. जितके स्वर ऐकू येतात, तितकीच अक्षरे असतात.

उच्चार लिहिण्याच्या खुणा

देवनागरीत फ्रेंच उच्चार हुबेहूब लिहिता येत नाहीत, पण थोड्या खुणा ठरवून घेतल्या तर काम चालते. चंद्रबिंदू असलेला स्वर नाकातून म्हणावा आणि त्यानंतर ‘न्’ किंवा ‘म्’ अजिबात येऊ देऊ नये. ‘आंबा’ म्हणताना आपण खरोखर ‘म्’ उच्चारतो, तसे येथे चालत नाही; ‘आँ’ म्हणताना जीभ आणि ओठ कुठेही टेकत नाहीत. कोकणी बोलणाऱ्याला ‘हांव’मधल्या स्वरामुळे ही सवय असते आणि त्याला हे नासिक्य स्वर लवकर साधतात. ‘ॲ’ ही खूण ‘ए’ आणि ‘बॅट’मधला स्वर यांच्या मधल्या स्वरासाठी आहे, त्यामुळे तोंड ‘बॅट’इतके उघडू नये. ‘ज़’ म्हणजे ‘जमीन’मधला दंत्य ‘ज’. ‘झ’ मात्र मराठी झ नव्हे: ‘श’ म्हणत असतानाच गळ्यातून नाद सोडला की जो ध्वनी निघतो, तो येथे ‘झ’ने दाखवला आहे. ‘र’ जिभेच्या टोकाने न म्हणता घशाच्या मागच्या भागात हलके घर्षण करून म्हणावा. ‘त’, ‘द’, ‘प’ मात्र जसेच्या तसे मराठी आहेत. इंग्रजीच्या सवयीने त्यांच्या जागी ‘ट’ आणि ‘ड’ येऊ लागतात, ते कटाक्षाने टाळावे, कारण येथे आपली मातृभाषाच अधिक जवळची वाट दाखवते.

पहिली पायरी: शेवट ओळखणे

कोणतेही रूप समोर आले की सुरुवातीपासून वाचू नये, शेवटाकडे पाहावे. ‘बोलणे’ या अर्थाचे ‘पार्ले’ हे क्रियापद घेऊ. वर्तमानकाळात ‘मी’, ‘तू’, ‘तो’ आणि ‘ते’ यांची रूपे अनुक्रमे ‘ई’, ‘ई एस’, ‘ई’ आणि ‘ई एन टी’ यांनी संपतात, म्हणजे लिहिताना तीन वेगवेगळे शेवट आहेत. उच्चारात या चारही रूपांचा शेवट गळून पडतो आणि उरते एकच अक्षर: पार्ल्. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ यांत कानाला काहीही फरक कळत नाही. तो संदर्भावरून समजून घ्यावा लागतो.

जे शेवट ऐकू येतात ते मोजकेच आहेत. ‘आम्ही’चा ‘ओ एन एस’ म्हणजे ‘ओँ’, ‘तुम्ही’चा ‘ई झेड’ म्हणजे ‘ए’. म्हणून नू पार्-लोँ, वू पार्-ले. अपूर्ण भूतकाळाचे ‘ए आय एस’, ‘ए आय टी’ आणि ‘ए आय ई एन टी’ हे तिन्ही शेवट ‘ॲ’ असे ऐकू येतात: पार्-लॅ. मूळ रूपाचा ‘ई आर’, ‘तुम्ही’चा ‘ई झेड’ आणि भूतकालवाचक धातुसाधिताचा रेघवाला ‘ई’ हे तिन्ही ‘ए’च आहेत, त्यामुळे ‘बोलणे’, ‘(तुम्ही) बोलता’ आणि ‘बोललेला’ या तिन्ही अर्थांसाठी कानाला ‘पार्-ले’ एवढेच पोहोचते. ‘आय आर’ने संपणाऱ्या मूळ रूपात मात्र ‘र’ स्पष्ट म्हणतात: फी-नीर्, म्हणजे ‘संपवणे’.

येथे मराठी जिभेची एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘घर’ म्हणताना आपण शेवटचा ‘अ’ सहज गाळतो, पण ‘अर्थ’, ‘कर्म’ अशा जोडाक्षराने संपणाऱ्या शब्दांत तो थोडासा राहतोच. म्हणून आपल्या तोंडी ‘पार्ल्’चे ‘पार्ल’ होते आणि एका अक्षराची दोन अक्षरे होऊन बसतात. ‘ल्’वर जीभ टेकवून तिथेच थांबण्याचा सराव करावा. दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेय किंवा तुलूझकडे, लोक हा शेवटचा स्वर म्हणतात हे खरे आहे आणि त्यांचे बोलणे चुकीचे नाही. पण वर्गात आणि परीक्षेत जो प्रमाण उच्चार शिकवला जातो, त्यात तो नसतो.

‘ई एन टी’बद्दल आणखी एक सावधगिरी हवी. हा शेवट मूक असतो तो केवळ ‘ते’ किंवा ‘त्या’ यांच्या क्रियापदरूपात. नामात आणि विशेषणात तो ‘आँ’ असा म्हटला जातो. ‘अध्यक्ष’ या अर्थाचे नाम ‘प्रे-ज़ी-दाँ’ असे तीन अक्षरांचे आहे, आणि तसेच लिहिले जाणारे ‘ते अध्यक्षस्थान भूषवतात’ हे क्रियापद ‘प्रे-ज़ीद्’ असे दोन अक्षरांचे आहे. ‘मठ’ या अर्थाचे नाम ‘कू-वाँ’ आहे, तर ‘(कोंबड्या) अंडी उबवतात’ हे अगदी तेच वर्ण असलेले क्रियापद केवळ ‘कूव्’ आहे. शिवाय काही क्रियापदांच्या एकवचनात हे तीन वर्ण प्रत्ययाचे नसून धातूचेच असतात: ‘त्याला जाणवते’ याचे रूप ‘साँ’ आणि ‘त्यांना जाणवते’ याचे ‘साँत्’. म्हणून आधी कर्ता पाहावा आणि मगच ‘ई एन टी’ झाकावे.

दुसरी पायरी: व्यंजने वाटून देणे

शेवट बाजूला झाला की उरलेल्या शब्दाची अक्षरे पाडावयाची. फ्रेंचचा ओढा स्वरावर संपणाऱ्या, म्हणजे उघड्या अक्षरांकडे आहे. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जाते: फी-नी-सोँ, आ-बी-ते. दोन वेगळी व्यंजने असतील तर सहसा एक मागे राहते आणि एक पुढे जाते: पार्-ले, रॅस्-ते, शॅर्-शे.

याला मोठा अपवाद आहे. दुसरे व्यंजन ‘ल’ किंवा ‘र’ असेल आणि पहिले ‘प’, ‘ब’, ‘त’, ‘द’, ‘क’, ‘ग’, ‘फ’, ‘व’ यांपैकी असेल, तर दोन्ही मिळून पुढे जातात: ‘उघडणे’ म्हणजे ऊ-व्रीर्, ‘आत येणे’ म्हणजे आँ-त्रे. हा नियम सोपा दिसतो, पण मराठी माणूस येथेच अडखळतो, कारण आपल्या भाषेचा कल नेमका उलटा आहे. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर आपण गुरू मानतो, म्हणजे ‘पत्र’ म्हणताना ‘त्’चा आघात मागच्या ‘प’वर देतो आणि ‘पत्-त्र’ असे काहीसे म्हणतो. वृत्तात लघुगुरू मोजताना हेच उपयोगी पडते, पण फ्रेंचमध्ये त्यामुळे ‘ऊ-व्रीर्’चे ‘उव्-व्रीर्’ होते. पहिला स्वर पूर्ण सोडून द्यावा, क्षणभर थांबावे आणि मग ‘व्रीर्’ एकदम म्हणावे. चार-पाच वेळा असे केले की सांधा योग्य जागी बसतो.

जोडीने लिहिलेली सारखी व्यंजने हाही असाच सापळा आहे. फ्रेंच पुस्तकात ओळीच्या शेवटी शब्द तोडताना दोन ‘एन’ वेगळे करतात, पण बोलताना ते एकच असतात: ‘देणे’ म्हणजे दॉ-ने, दॉन्-ने नव्हे. मराठीत ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांत अर्थाचा फरक पडतो, म्हणून दुहेरी व्यंजन दिसले की आपण जोर देतो. फ्रेंच क्रियापदात असा जोर ‘धावणे’ आणि ‘मरणे’ यांच्या भविष्यकाळासारख्या थोड्या जागीच लागतो: ‘तो धावत होता’ म्हणजे कू-रॅ, आणि ‘तो धावला असता’ यातील ‘धाव’चे संकेतार्थी रूप कूर्-रॅ. येथे दुसरा ‘र’ ऐकू आला नाही तर काळच बदलतो.

तिसरी पायरी: ‘एन’ कोणत्या अक्षरात पडतो ते पाहणे

स्वरानंतरचा ‘एन’ किंवा ‘एम’ त्याच अक्षरात संपत असेल तर तो स्वतः नाहीसा होतो आणि स्वराला नाकात ढकलतो; त्याच्यापुढे स्वर आला किंवा तो दुहेरी लिहिला असेल तर सहसा तो साधा ‘न’ किंवा ‘म’ होतो आणि स्वर तोंडातच राहतो. ‘घेणे’ या क्रियापदात हे स्वच्छ दिसते: ‘तो घेतो’ प्राँ, ‘आम्ही घेतो’ प्र-नोँ, ‘ते घेतात’ प्रॅन्. ‘येणे’चेही तसेच: व्यँ, व-नोँ, व्यॅन्.

या गटात आणि ‘संपवणे’सारख्या क्रियापदांत एकवचन व अनेकवचन कानाला वेगळे कळते, आणि फरक पडतो तो शेवटच्या व्यंजनामुळे. ‘तो’चे रूप स्वरावर संपते, ‘ते’चे रूप व्यंजनाने बंद होते: फी-नी आणि फी-नीस्, वाँ आणि वाँद् (विकणे), मॅ आणि मॅत् (ठेवणे). ज्यांच्या एकवचनातच ‘र’ ऐकू येतो तिथे आणखी एक व्यंजन येते: पार् आणि पार्त् (निघणे), दॉर् आणि दॉर्म् (झोपणे). या जोड्या रोज मोठ्याने म्हणाव्यात. माझ्या अनुभवात व्याकरणाचा तक्ता पाठ करण्यापेक्षा या जोड्यांनी अधिक काम होते, कारण त्या बोलताना आपोआप जिभेवर येतात.

चौथी पायरी: मधला ‘ई’

हा भाग सर्वांत कठीण आहे आणि सर्वांत सुंदरही. शब्दाच्या मधल्या, रेघ नसलेल्या ‘ई’चा उच्चार ओठ किंचित गोल केलेल्या ‘अ’सारखा होतो, पण तो नेहमीच होतो असे नाही. तो गाळल्यावर तीन व्यंजने एकमेकांवर आदळत असतील तर तो ठेवायचा, नाहीतर गाळायचा, असा ढोबळ नियम आहे. मोरिस ग्रामाँ या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाच्या नावाने तो ‘तीन व्यंजनांचा नियम’ म्हणून ओळखला जातो. ‘तो देईल’ दॉन्-रा असे दोन अक्षरांत होते, कारण ‘न्’ आणि ‘र’ दोनच आहेत. ‘तो बोलेल’ मात्र पार्-ल-रा असे तीन अक्षरांत राहते, कारण ‘र्’, ‘ल्’, ‘र्’ हे तिघे सलग आले असते. कवितेत हा हिशेब बदलतो: पारंपरिक फ्रेंच पद्यात, पुढे व्यंजन असेल तर असा ‘ई’ अक्षर म्हणून मोजला जातो, जसा भुजंगप्रयात वृत्तात आपण बोलताना गाळलेला ‘अ’ पुन्हा पूर्ण म्हणतो.

आता याच ‘ई’मुळे धातूचे रूप कसे बदलते ते पाहू. ‘हाक मारणे’ हे क्रियापद मूळ रूपात आ-प्ले असे ऐकू येते आणि ‘आम्ही’साठी आ-प्लोँ होते. पण ‘तो हाक मारतो’ म्हणताना शेवटचा प्रत्यय मूक असतो, ‘ल्’ला पुढे जाण्यासाठी स्वरच उरत नाही, तो मागे येऊन अक्षर बंद करतो, आणि बंद अक्षरात दुबळा ‘अ’ टिकत नाही. त्याचा ‘ॲ’ होतो: आ-पॅल्. हा बदल दाखवण्यासाठीच फ्रेंच लेखनात येथे दोन ‘एल’ येतात. ‘विकत घेणे’ या क्रियापदात तेच काम ‘ई’वरची डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ करते: आश्-ते, आश्-तोँ, पण आ-शॅत्. ‘उचलणे’ ल-वे, ल-वोँ, पण लॅव्. ‘अधिक पसंत करणे’ यात रेघेची दिशाच बदलते: प्रे-फे-रे, पण प्रे-फॅर्. विद्यार्थी या सगळ्यांना अपवाद समजून एकेक पाठ करतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते, कारण हे अपवाद नाहीत. पुढचे अक्षर मूक झाले की मागचा स्वर उघडतो, एवढी एकच गोष्ट या सर्वांमागे आहे. १९९० साली फ्रान्समध्ये ज्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या प्रसिद्ध झाल्या, त्यांत ‘पसंत करणे’च्या भविष्यकाळातही उतरती रेघ मान्य करण्यात आली, कारण लोक तेथे ‘ॲ’ म्हणत होते आणि जुने लेखन ‘ए’ दाखवत होते.

उलट बाजूला, ‘आम्ही जेवतो’ या रूपात ‘जी’नंतर जो ‘ई’ लिहितात तो कधीच उच्चारायचा नसतो. ‘जी’चा ‘ग’ होऊ नये म्हणून तो बसवलेला आहे: माँ-झोँ. ‘आम्ही सुरू करतो’ यात ‘सी’खाली शेपटी येते, तीही त्याच कारणाने: कॉ-माँ-सोँ. आणि ‘करणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे ‘आम्ही’चे रूप ‘ए आय’ने लिहूनही फ-ज़ोँ असेच म्हणतात, हे मात्र पाठ करावे लागते.

पाचवी पायरी: ‘य’ आणि ‘व’

दोन स्वर शेजारी आले की पहिला आखडून अर्धस्वर होतो. ‘तो नक्कल करतो’ कॉ-पी, ‘आम्ही नक्कल करतो’ कॉ-प्योँ. ‘तो खेळतो’ झू, ‘खेळणे’ बहुतेकांच्या तोंडी झ्वे. पण आधी ‘ब्ल’, ‘क्र’, ‘द्र’ अशी जोडी असेल तर ‘आय’ या वर्णाचा ‘ई’ स्वर आखडत नाही, स्वतःचे अक्षर राखतो: ऊ-ब्ली-योँ (आम्ही विसरतो), क्री-ये (ओरडणे), वू-द्री-योँ (आम्हाला हवे होते, या विनंतीच्या अर्थाने).

संकेतार्थाच्या ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्या रूपांत मराठीची एक खास खूण उपयोगी पडते. ‘सूर्य’मधला रफार मागच्या अक्षरावर आघात देतो, ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ देत नाही. फ्रेंचला येथे ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ हवा आहे, आणि त्याच्या आधीचा ‘अ’ कधीही गाळायचा नाही: ‘आम्ही देऊ’ दॉन्-रोँ, पण ‘आम्ही दिले असते’ या प्रकारच्या वाक्यांना जवळचे रूप दॉ-न-ऱ्योँ. पहिल्यात गळलेला स्वर दुसऱ्यात परत येतो.

सहावी पायरी: कर्त्याशी जोडणे

क्रियापद फ्रेंचमध्ये एकटे फारसे बोलले जात नाही, आणि कर्त्याला चिकटले की अक्षरांची सीमा पुन्हा सरकते. ‘तो येऊन पोहोचतो’ यात ‘ईल्’चा (म्हणजे ‘तो’ या सर्वनामाचा) ‘ल’ पुढच्या स्वराकडे जातो: ई-ला-रीव्. ‘ते येऊन पोहोचतात’ यात एरवी मूक असलेला ‘एस’ जागा होऊन ‘ज़’ बनतो: ईल्-ज़ा-रीव्. जे अनेकवचन प्रत्ययात ऐकू आले नाही, ते येथे ऐकू येते. ‘त्यांच्याकडे आहे’ ईल्-ज़ोँ आणि ‘ते आहेत’ ईल्-सोँ यांत तर एका ध्वनीवर सगळा अर्थ टांगलेला आहे, म्हणून ‘ज़’ आणि ‘स’ स्पष्ट म्हणावेत. ‘मी राहतो’ म्हणताना ‘झ’ (मी) याचा स्वर गळून झा-बीत् अशी दोनच अक्षरे होतात, ‘आम्ही राहतो’ नू-ज़ा-बी-तोँ अशी चार. प्रश्नात कर्ता मागे आला तर ‘त’ सांधा जोडतो: ॲम्-तील् (त्याला आवडते का?). ‘घेणे’चा ‘डी’सुद्धा अशा वेळी ‘त’ म्हणूनच ऐकू येतो: प्राँ-तील्.

एक रूप शेवटपर्यंत सोडवून पाहू. ‘ते सुरू करतील (जर…)’ या अर्थाचे संकेतार्थी रूप १४ वर्णांचे आहे. शेवटचे ‘ए आय ई एन टी’ म्हणजे ‘ॲ’. सुरुवातीचे दोन ‘एम’ एकच धरावेत, म्हणून पहिले अक्षर ‘कॉ’. त्यानंतरचा ‘ई एन’ व्यंजनाच्या आधी आहे, म्हणून दुसरे अक्षर नासिक्य ‘माँ’. ‘सी’नंतरचा ‘ई’ सावकाश बोलताना ठेवावा: कॉ-माँ-स-रॅ, चार अक्षरे. तो गाळला तर ‘स्’ आणि ‘र’ दोनच व्यंजने भेटतात, म्हणून रोजच्या बोलण्यात तो जातो: कॉ-माँस्-रॅ, तीन अक्षरे. टाळी वाजवत आधी चार आणि मग तीन मोजावेत, सर्व अक्षरांना सारखा वेळ द्यावा आणि शेवटचे किंचित लांबवावे, कारण फ्रेंचचा आघात बोलण्याच्या तुकड्यातल्या शेवटच्या अक्षरावर पडतो. मग ‘ईल्’ जोडून संपूर्ण तुकडा फोनवर ध्वनिमुद्रित करावा आणि दुसऱ्या दिवशी, पुस्तक मिटून, ऐकू येणारी अक्षरे मोजावीत.